वर्गातल्या नाटकात तरी आमचे पोर न्यायाधीश होऊ द्या!

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली याच तारखेला बालभीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. अशाच एका ७ नोव्हेंबरला आम्ही एका प्राथमिक शाळेत पाहुणे म्हणून गेलो होतो. तिसरीच्या मुलांनी बाबासाहेबांच्या शाळेचा प्रसंग वठवला. कोपऱ्यात गोणपाट अंथरले होते. त्यावर बसायला गुरुजींनी कोणाला निवडले? बौद्धवाड्यातल्या पोराला! शिपाई, मास्तर आणि बाकावरची मुले मात्र गावातली. टाळ्या पडल्या, खाऊ वाटला गेला. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या पोराला 'गोणपाट' हे नाव पडले. त्याची आई आम्हाला म्हणाली, "साहेब, तो आता शाळेत जायचं नाव काढीत नाही."

गुरुजींचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चांगल्या हेतूनेही जात आपली जागा बरोबर शोधून काढते.

धडा नुसता घोकून न घेता मुलांकडून वठवून घ्यावा, या पद्धतीला आमचा विरोध नाही. वर्गात दुकान मांडले, एक दुकानदार व दुसरा गिऱ्हाईक झाला, की वजाबाकी आपोआप समजते. आपली चळवळ तरी कशी वाढली? महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले ते नाटकच होते. अक्षरओळख नसलेल्या समाजाला सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी सोंगे वठवूनच शहाणे केले. तेव्हा प्रश्न पद्धतीचा नाही. प्रश्न आहे तो भूमिका कोण वाटतो आणि कोणाच्या वाट्याला काय येते, याचा!

या देशात भूमिका जन्मानेच वाटल्या गेल्या. एकाने कायम हुकूम सोडायचा, दुसऱ्याने कायम जोहार घालायचा. शाळेच्या नाटकातही राजा पाटलाचा आणि हुजऱ्या आमचा असेल, तर मूल तेथे भाषा शिकत नाही, आपली पायरी शिकते.

भूमिकेचा मुलाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत दिसले आहे. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातील राइसव्हिल या गोऱ्यांच्या गावात जेन इलियट या तिसरीच्या शिक्षिकेने मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एक गट श्रेष्ठ, दुसरा कनिष्ठ. मग अदलाबदल केली. पुढे तिच्या वर्गावरचा माहितीपट १९७० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. कनिष्ठांच्या गळ्यात कापडी पट्टा होता, त्या दिवशी अक्षरकार्डांचा गठ्ठा वाचायला मुलांना साडेपाच मिनिटे लागली. पट्टा उतरला आणि त्याच मुलांनी तेच काम अडीच मिनिटांत केले! म्हणजे 'आमची मुले मंद' म्हणणाऱ्यांनी आधी पट्टा कोणी घातला ते पाहावे.

मुलांना न सांगता त्यांचा अपमान केला, म्हणून या प्रयोगावर टीकाही झाली. तो जसाच्या तसा येथे आणावा, असे आमचे मत नाही. राइसव्हिलच्या मुलाचा पट्टा संध्याकाळी उतरत होता. आमच्या मुलाचा शाळा सुटल्यावरही उतरत नाही. म्हणून आमच्या मुलाला अपमानाचा अभिनय नको, अधिकाराचा सराव हवा.

आम्ही वकील माणसे. एका शाळेत आम्ही मुलांचे 'न्यायालय' भरवले. खटला पेन्सिल चोरीचा. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. न्यायाधीशाची चिठ्ठी वस्तीतल्या एका अबोल मुलीला निघाली. सगळा वर्ग "चोर, चोर" ओरडू लागला, तेव्हा ती म्हणाली, "गप बसा. त्याला कुणी विचारलं का?" दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे तत्त्व आम्ही कायद्याच्या वर्गात शिकलो. ती ते खुर्चीवर बसताच बोलली!

ही काही मेहेरबानी नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २९ कृतीतून शिक्षण सांगते आणि मूल भयमुक्त असावे, असेही सांगते. कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व वंचित गटातील पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान आहे.

तेव्हा बांधवांनो, समितीच्या बैठकीला जा. फक्त पोषण आहाराचा हिशेब विचारून उठू नका. नाटकात भूमिका चिठ्ठीने वाटा आणि पाळीपाळीने बदला, असा ठराव मांडा. बाबासाहेबांचा प्रसंग जरूर करा, पण गोणपाटावर सर्वांना आळीपाळीने बसवा. 'शिपाई नाही तर पाणी नाही' म्हणजे काय, हे ज्याच्या घरी ते कधी घडले नाही, त्यालाही कळू द्या. आणि त्याच नाटकाचा दुसरा अंक कराच: संविधान सभेतले बाबासाहेब! गोणपाटावरून उठून मूल तेथपर्यंत पोहोचल्याशिवाय पडदा पाडू नका.

जयभीम!