बदामी : दोन दिवसांची आखणी
बदामी ही चालुक्यांची राजधानी. सोलापूर-गदग लोहमार्गावरील बदामी स्थानकापासून गाव सुमारे ५ किलोमीटरवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात लाल वालुकाश्म तापतो. पहिली सकाळ लेण्यांना द्यावी. चारपैकी तीन हिंदू, एक जैन. तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आणि ओसरीत शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू आहे. माकडे पिशव्या हिसकावतात, म्हणून खाऊ बरोबर नेऊ नये. संध्याकाळी अगस्त्य तलावाकाठचे भूतनाथ मंदिर पाहावे. दुसऱ्या दिवशी वाहन ठरवून पट्टदकल आणि ऐहोळे गाठावे. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने पती दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीविजयाप्रीत्यर्थ उभारले. वेळ अपुरा पडल्यास ऐहोळे वगळावे, पट्टदकल मात्र चुकवू नये.