‘स्वतःबद्दल दोन शब्द सांगा...’

मुलाखतीतला पहिला प्रश्न सगळ्यांत सोपा असतो आणि नेमकी तिथेच गाडी अडते. ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ स्वतःबद्दल दोन शब्द सांगा! समोरची मुलगी बी.कॉम. झालेली, हिशेबात पक्की. पण नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता सांगून झाला की शांतता. मग घाईघाईने छंद : वाचन करणं आणि गाणी ऐकणं. संपलं! ‘ठीक आहे, कळवतो’ असं समोरून उत्तर येतं आणि ते कधीच कळवत नाहीत, हे आता तिलाही ठाऊक झालेलं असतं.

भिलाईच्या खुर्सीपारसारख्या कामगार वस्तीत ही कथा एका घरची नाही. या वस्तीतल्या आजोबांना अशा प्रश्नाला तोंड द्यावं लागलं नव्हतं. पोलाद कारखाना उभा राहत होता, काम करणारे हात हवे होते. गोंदिया-भंडाऱ्याकडून, आंध्रातून, ओडिशातून, बिहारमधून माणसं आली आणि कामाला लागली. पुढे कारखान्यातली कायम नोकरांची संख्या घटत गेली आणि नातवंडांच्या वाट्याला आलं ते बँकेचं, विमा कंपनीचं, दुकानांच्या साखळीचं नाही तर ठेकेदाराच्या ऑफिसचं काम. तिथे हातांच्या आधी तोंड पाहिलं जातं. म्हणूनच आता आईवडील विचारतात : विद्यापीठात ते ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन’ शिकवतात म्हणे, ते घेतलं तर काही उपयोग होईल का?

होईल. पण त्याआधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. हा अभ्यासक्रम म्हणजे इंग्रजीचा क्लास नव्हे. इंग्रजी फाडफाड बोलायला शिकवण्याचं आश्वासन देणारी पुस्तकं आणि क्लास या देशात उदंड आहेत. कपिलदेव जाहिरात करायचा ते ‘रॅपिडेक्स’ तर घरोघरी होतं, आणि बहुतेक घरांत विसाव्या पानापुढे कोरं राहिलं! विद्यापीठातला अभ्यासक्रम मात्र वेगळी गोष्ट शिकवू पाहतो. समोरच्याला काय हवं आहे ते ऐकायचं कसं, आपलं म्हणणं मोजक्या शब्दांत मांडायचं कसं, अर्ज, अहवाल, सूचना, बैठकीचा वृत्तांत लिहायचा कसा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीसाठी ‘जीवन कौशल्य’ नावाचा अभ्यासक्रम सुचवला, त्यात बोलण्या-लिहिण्याच्या आधी ऐकण्याला जागा दिली आहे. हे विशेष!

खुर्सीपारची ती गप्प बसलेली मुलगी खरं म्हणजे गप्प नसतेच. घरी आईशी मराठी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि शेजारच्या मैत्रिणीशी मोडकंतोडकं का होईना, तेलुगू. छत्तीसगढीत गप्पा मारण्याला ‘गोठियाना’ म्हणतात. आपल्या ‘गोष्टीं’चं भावंडच वाटावं असा शब्द! दिवसाकाठी तीन-चार भाषांत गोठियावणारी ही मुलगी मुलाखतीत मुकी होते, ती भाषा येत नाही म्हणून नव्हे. आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

भिलाई हे गावच मुळी दुभाष्यांच्या जिवावर उभं राहिलं आहे. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधली चार वर्षं रशियन तज्ज्ञ रशियनमध्ये बोलत होते, दुभाषे ते इंग्रजीत, हिंदीत आणत होते आणि मुकादम आपापल्या माणसांना आपापल्या बोलीत समजावत होता. एवढ्या हातांतून गेलेला शब्द शेवटी भट्टीपर्यंत बिनचूक पोचायला हवा होता. तिथे सुंदर उच्चारांना कोण विचारतो?

कारखान्यात आजही तेच आहे. पाळी बदलताना नोंदवहीत कुणी लिहिलं, ‘पंप बंद आहे.’ म्हणजे काय? मुद्दाम बंद ठेवलाय, की बिघडलाय? चालू करायचा की हात लावायचा नाही? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नाही, पण पुढच्या पाळीच्या माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. ‘पंप बिघडला आहे. दुरुस्ती होईपर्यंत सुरू करू नये.’ एवढं लिहिलं की झालं. आठ शब्द!

शब्द पोचला नाही तर काय होतं, हे देशाने १२ नोव्हेंबर १९९६ला पाहिलं. दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम विमानातला रेडिओ ऑपरेटर करत होता आणि कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हाही त्या दुर्घटनेच्या चर्चेतला एक ठळक मुद्दा ठरला.

तेव्हा हा विषय म्हणजे नुसता टाय बांधून हसरा चेहरा करण्याचा नाही. आणि परदेशातून आलेलं फॅडही नाही. समर्थांच्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, अक्षर, ओळी, समास कसे राखावे इथपर्यंत बारकाईने सांगणारा. तो ‘दासबोध’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मुलखातले. मातृभाषा मराठी, पण १९००मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. दोन भाषांमधला माणूस अडखळतोच असं नाही, तो पूलही होतो!

आता व्यवहाराचं. दुर्गला २०१५मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. आज ते हेमचंद यादव यांच्या नावाने ओळखलं जातं आणि खुर्सीपारमध्येच सरकारी महाविद्यालय आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी भिलाईत २००५पासून स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठ आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात इंग्रजीला आठवड्याचे दोन तास वर्गासाठी आणि दोन तास प्रात्यक्षिकासाठी आहेत. कॉलेजात सोय नसेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर असे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे.

पण प्रवेश घेण्याआधी आईवडिलांनी कॉलेजात एक प्रश्न जरूर विचारावा : प्रत्येक मुलाला उभं राहून किती वेळा बोलायला मिळेल आणि त्याने लिहिलेला कागद तपासून परत मिळेल का? कारण ऐंशी मुलांच्या वर्गात ‘संवादाची सात तत्त्वं’ फळ्यावर लिहून द्यायची आणि परीक्षेत तीच उतरवून घ्यायची, हाही प्रकार सर्रास चालतो. पोहण्यावर निबंध लिहून कुणी पोहायला शिकतं का? तासभर बोलण्याच्या सरावाला व्याख्यानाचे चार तास पुरे पडणार नाहीत.

चांगला शिक्षक मिळाला तर तो त्या मुलीला आधी छंद खोडायला लावील. मग विचारील, घरी काय करतेस? आईच्या बचत गटाचा हिशेब कोण लिहितं? ती म्हणेल, मीच लिहिते. बैठकीत काय ठरलं ते वहीत कोण उतरवतं? तेही मीच. कुणी हप्ता थकवला तर? मग जाऊन समजावते, त्यांच्या भाषेत. हाच तर अनुभव! वृत्तांतलेखन, हिशेब, वसुली आणि वाटाघाटी, सगळं आलं. पण बायोडेटात यातलं एक अक्षर नसतं. असतं काय, तर मित्राच्या बायोडेटातून उचललेलं ‘चॅलेंजिंग पोझिशन’वालं वाक्य.

दोन मिनिटांचं उत्तर मग असं होऊ शकतं : ‘मी बी.कॉम. केलं आहे. तीन वर्षं आमच्या वस्तीतल्या बचत गटाचा हिशेब लिहिते. गटात चार भाषा बोलणाऱ्या बायका आहेत. महिनाअखेरीस रोकड आणि वही जुळवणं माझ्याकडे असतं.’ आधी हिंदीत पक्कं करायचं, मग सोप्या इंग्रजीत. न घोकता, दर वेळी थोडं वेगळं.

सराव घरीच करावा. रात्री जेवणं उरकली की मुलीने उभं राहावं आणि आईने खुर्चीत बसावं, मुलाखत घेणाऱ्या साहेबासारखं. आई दहावी नापास असली तरी बिघडत नाही. ती ऐकून घेईल आणि तिच्या पद्धतीने विचारील, ‘ते सगळं खरं गं बाई, पण तुला नेमकं काम कुठलं हवंय?’ साहेबाचा पुढचा प्रश्नही बहुधा हाच असतो.