खिंडीत अडकल्यावर

मुलं गेम खेळायला बसली की ‘डोळे जातील रे’ एवढंच आपण ओरडतो. मैत्रिणींनो, कधी शेजारी बसून बघा. आमच्या अलिबागच्या घरी लेक जादूगार-योद्ध्यांच्या गेममध्ये दोन दिवस एकाच दरीत मरत होता. वाट अरुंद, दोन्हीकडच्या झाडीत शत्रू दबा धरून! म्हटलं, अरे, ही तर आपल्या रायगड जिल्ह्यातली उंबरखिंड.

२ फेब्रुवारी १६६१. खोपोलीजवळच्या त्या खिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला असंच गाठलं. मागे-पुढे वाट बंद, रानातून मारा. खानासोबत रायबागन ही लढवय्यी सरदारीण होती. शरण जा, असं तिनेच सुचवलं. खानाने ऐकलं आणि खंडणी भरून उरलेली फौज जिवंत परतली. शत्रूपक्षातली असली तरी बाई शहाणी. आपल्या गप्पांत तिचं नाव येतं का कधी?

लेकाने मग सगळ्यांना एकदम दरीत घालणं सोडलं. एकाला टेहळणीला धाडलं, धनुर्धारी उंचावर चढवले, शत्रूला मोकळ्यावर ओढलं. जिंकला एकदाचा! शरण जायचं बटण मात्र त्या गेममध्ये नाहीच. ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.