रंगाआधी स्लॅब बघा

20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घरात लादीचं काम चालू होतं. स्लॅब कोसळला तो खालच्या घरांना घेऊनच. सहा जण गेले. घर नव्यानं सजवायला काढणाऱ्यांनी हे विसरू नये. जुनी लादी न उखडता तिच्यावर नवी बसवली, की तिचं आणि खालच्या मालाचं सगळं वजन थकलेल्या सळ्यांवर येतं.

ठाणे-डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींत तुळईच्या कडेनं धावणारी सरळ भेग आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ सहज दिसतो. आत सळई गंजून फुगलेली असते, काँक्रीट ढकलत असते. छत ठोकून बघा, पोकळ वाजलं तर इंजिनिअर बोलवा. त्यावर पुट्टी-रंग फासून घर विकणं किंवा भाड्यानं देणं हा आमच्या मते सरळसरळ अपराध आहे.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच बंधनकारक आहे. सोसायट्यांनी ते टाळू नये, आणि अहवाल फाइलमध्ये न ठेवता नोटीस बोर्डावर लावावा. भाडेकरूही त्याच छताखाली झोपतात, त्यांनाही तो वाचता यायला हवा.