गणपतीला गावी निघण्याआधी चावी फिरवा, दिवे बघा

गणपतीला गाडीनेच कोकणात जाणाऱ्या आणि दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती. आज संध्याकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी 'ऑन'वर फिरवा आणि मीटरमधले दिवे बघा. बॅटरीचा आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. गाडीत एअरबॅग, एबीएस असेल तर त्यांचेही दिवे पेटले पाहिजेत. इंजिन सुरू झालं की काही सेकंदांत ते विझले पाहिजेत.

पेटून राहिलेला दिवा निदान डोळ्यांना दिसतो. खरा धोका न पेटणाऱ्या दिव्याचा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे आवर्जून तपासा, कारण दोष दुरुस्त करण्याऐवजी बल्बच काढून गाडी विकणारे लोक आहेत.

वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचार करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन ताबडतोब बंद करा. बॅटरीचा दिवा लागला तर आधी पट्टा बघा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. तो तुटला की घाटात इंजिन उकळायला वेळ लागत नाही. पट्टा शाबूत असेल तर एसी आणि टेप बंद करून जवळचा इलेक्ट्रिशियन गाठा. रात्री, पावसात, हेडलाइट आणि वायपर चालू असताना नुसत्या बॅटरीवर गाडी फार लांब जात नाही.

आणि कृपा करून फ्यूज 'डायरेक्ट' करू देऊ नका. दहा अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तांब्याची तार घातली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. जास्त उजेडासाठी बसवलेल्या शंभर वॉटच्या बल्बांचंही तेच. ५५ वॉटचे दोन बल्ब सुमारे नऊ अँपिअर ओढतात, शंभरचे दोन जवळजवळ सतरा. जुन्या गाडीची वायर आणि स्विच त्या भारासाठी केलेले नाहीत. रिले नसेल तर ते बल्ब आजच उतरवा.

तीन-चार दिवे एकदम मंद लुकलुकत असतील तर महागडे पार्ट बदलण्याआधी बॉडीची अर्थ वायर साफ करून घ्या. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने तिथे हमखास गंज धरतो. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, तेही बघा.

जळका वास किंवा धूर आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना, मुलाबाळांना आधी, गाडीपासून लांब न्या आणि ११२ वर फोन करा. बॉनेट उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते.

सणाच्या आदल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडे रांग लागते आणि घाईत पुन्हा तारच जोडली जाते. म्हणून उद्याच जा, आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर चावी फिरवून सगळे दिवे पेटतात नि विझतात का, ते स्वतः बघून घ्या.