अर्धा कोयता आणि गिरगावची रुखमाबाई



बालहक्कांची गोष्ट निघाली की आपल्या बैठकीत माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. तो विषय शहरातल्या संस्थांचा. आपला विषय उसाचा भाव, वीज आणि कर्ज, अशी आपली समजूत. समजूत चुकीची आहे. हा प्रश्न आपल्या उसाच्या फडात उभा आहे. पण सुरुवात फडापासून नको, मुंबईपासून करू.

मुंबईत गिरगावला 'प्रार्थना समाज' नावाचा नाका आहे. ज्या प्रार्थना समाजावरून हे नाव पडले, त्याच्या सभांना सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दोघी मायलेकी नेमाने जात. लेकीचे नाव रुखमाबाई. जन्म १८६४चा, जात सुतार. बाप लहानपणीच वारला. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले आणि त्या वेळी पहिल्या नवऱ्याची मिळकत लेकीच्या नावे करून दिली. अकराव्या वर्षी रुखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी लागले. पण तिला नांदायला पाठवले नाही. घरीच राहून, मिशनच्या वाचनालयातली पुस्तके आणून ती शिकली.

१८८४ साली दादाजीने हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रुखमाबाईच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रुखमाबाईने सांगितले, तुरुंगात जाईन. पुण्यामुंबईची मोठमोठी माणसे तिच्यावर तुटून पडली; लोकमान्य टिळकही तिच्या विरोधात होते. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेला तिने बायाबापड्यांची सेवा केली. याच वादळातून १८९१चा संमतिवयाचा कायदा आला. तोही मुलीचे वय दहावरून बारावर नेण्यापुरताच.

यात आपण शिकायचे काय? कायदा रुखमाबाईच्या विरोधात होता, तरी ती वाचली. कारण तीन गोष्टी तिच्याजवळ होत्या. डोक्यावर छप्पर, नावावर मिळकत आणि पाठीशी आई.

आता आपल्या फडाकडे या. आजच्या मुलीचे उलटे आहे. सारे कायदे तिच्या बाजूने आहेत. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला, १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अठराच्या आत मुलीचे लग्न लावू देत नाही. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आणि बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर निघाले.

बीडचे बाप निर्दयी आहेत काय? मुळीच नाही. हिशेब पाहा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पोराचे लग्न झाले की अर्ध्याचा पुरा कोयता होतो. आणि पोरीचा बाप? दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि पाच-सहा महिने उसाच्या बांधावर पाचटाच्या कोपीत राहायचे. वयात आलेली पोर बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही. मागे ठेवावी तर गावात म्हातारी एकटी. मग तो जीव मुठीत धरण्यापेक्षा लग्न लावून मोकळा होतो. शाळा तिथेच सुटते. पुढच्या हंगामात तीच पोर डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना दिसते.

कुणी म्हणेल, हा प्रश्न कारखान्याचा आणि मुकादमाचा. ऊसवाल्याचा काय संबंध? संबंध आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून कापला जातो. म्हणजे टोळीची मजुरी आपण देतो. त्यातले मुकादमाचे किती, मजुराचे किती, लेकराच्या शाळेचे किती, हे विचारण्याचा हक्क आपला आहे आणि न विचारण्याचे पापही आपलेच आहे. दुसरा म्हणेल, आम्हालाच भाव मिळत नाही, आम्ही कुठून देणार? पण उत्पादनखर्चावर आधारलेला भाव ही आपलीच मागणी ना? मग त्या खर्चात ऊस तोडणाऱ्याच्या पोरीचे छप्पर धरायला नको? ते धरले नाही तर आपली साखर त्या पोरीच्या बालपणावर स्वस्त झाली, असेच म्हणावे लागेल. आणि टोळीतला माणूस तरी कोण? कोरडवाहू शेतकरीच तो. पिकाने त्याला जगू दिले असते तर त्याने कोयता कशाला उचलला असता?

२०२१ साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. योजना चांगली. पण आपल्या तालुक्यात वसतिगृह मंजूर आहे का, असल्यास दिवाळीआधी उघडते का, मुलींच्या वसतिगृहात पाणी, संडास आणि बाई अधीक्षक आहे का, हे आपल्यातला कोण जाऊन पाहतो?

१९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत कारभाऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून दिली. रुखमाबाईच्या आईने जे ओळखले होते, तेच ते. आता घरची लक्ष्मी झाली, फडातली राहिली आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव यावेत. एक, अठराच्या आतल्या मुलीला जोडीत धरून उचल देणाऱ्या मुकादमाची टोळी आपल्या शेतात घ्यायची नाही. दोन, तोडणीच्या कपातीचा तपशील कारखान्याकडे लेखी मागायचा. तीन, टोळ्या निघण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी वसतिगृह डोळ्यांनी पाहून यायचे, आणि गावात बालविवाह ठरल्याचे कळले तर १०९८ वर फोन करायचा. सोयरीक आपल्या भावकीतली असली तरी.

रुखमाबाई तुरुंगात जायला तयार झाली, कारण परत यायला तिला घर होते. फडातल्या पोरीला सहा महिन्यांचे घर द्या. पुढचे ती पाहून घेईल.