रस्ता बुडाला, रयत नाडली

शेतकरी व कारागीर बंधूंनो! महापूर आला की "दैवाचा कोप" म्हणून हात जोडून बसावयास सांगणारे पंडित आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांस एकच विचारतो: पाऊस दैवाने पाडला असेल, पण नदीच्या पात्राशेजारी पाणी अडविणारे रस्त्यांचे भराव कोणी घातले?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा फुगली आणि पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे बुडून जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच! बुडालेले शेत डोळ्यांस दिसते. परंतु जेथे पाणी चढलेच नाही त्या माळावरच्या गावाचे काय? म्हैस पुरासाठी पान्हा आवरीत नाही; दोन वेळा धार काढावीच लागते. टँकर निघेनात, संकलन थांबले, दूध घरातच नासले. तिकडे मुंबई-पुण्यास दुधाची टंचाई, इकडे कोल्हापुरात पेट्रोल मिळेना. सूत येईना व कापड जाईना, तर मागवाल्याच्या घरी चूल कशी पेटावी? वाट तुटली की विकणाऱ्यास गिऱ्हाईक नाही, घेणाऱ्यास माल नाही. मधल्या साठेबाजाचे मात्र दोन्हीकडून फावते. पंचनाम्याची नजर बुडालेल्या पिकावर व पडलेल्या घरावर. रस्त्यापायी नासलेल्या दुधास कोण विचारतो?

"पैसा नाही" हे उत्तर आम्हांस पटत नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल एस. टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. मनात आणले तर वर्षाच्या आत पूल होतो. मग आमच्या ओढ्यांवरचे साकवच वर्षानुवर्षे का रखडतात?

कोल्हापूर दरबाराने १८९१ साली मिरजेपर्यंत रेल्वे जोडली. शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची गूळपेठ वसविली. वाटेवाचून पिकास मोल नाही, हे त्या राज्यास कळले होते. मतांवर निवडून आलेल्यांस ते कळू नये काय?

आमचे मागणे साधे आहे. पुराच्या वाटेत भराव नको, खांबांवरचा उंच रस्ता करा. दूध चार दिवस टिकेल अशी थंड साठवण गावगटास द्या. रस्ता बंद पडून झालेले नुकसान पंचनाम्यात लिहा.

बंधूंनो, कर आपणच भरतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत ठराव करा व मत मागावयास येणाऱ्यापुढे तो ठेवा. गप्प बसाल, तर पुढच्या पुरातही दूध तुमचेच नासेल!